अप्पांचा तारेचा घोडा

हुलसुरात आमच्या अप्पांनी जन्मभर नंदी घडवले. घोडा त्यांच्या हातून कधी झालाच नव्हता. म्हणून चौकात घोड्यावर बसलेल्या बसवण्णांचा पुतळा ठरला आणि कमिटीनं आधी घोड्याचा दोन फुटी नमुना मागितला, तेव्हा अप्पा मला म्हणाले, "हे एक माझ्या हातानं होऊ दे गं. डोळे जायच्या आत."

मी कलबुर्गीला शिल्पकला शिकून आलेली. कामात चूक दिसली की माझं डोकं फिरतं, मग समोर बाप असो की कोणी.

आधी तारेचा सांगाडा, मग माती. मी प्लायवर नमुन्याच्याच मापाचं चित्र काढून दिलं. डोक्याच्या अडीच पट अंग, गुडघ्यांना लाल खुणा. तार त्यावर धरायची आणि खुणेवर वाकवायची, बस्स! पण अप्पा चित्राकडं बघतील तर शपथ. वितीनं मापायचे. चार दिवस खपून त्यांनी जाड तार वाकवली, बारीक तारेनं आवळली, पोटाखाली गज देऊन पाटावर उभी केली.

बघितलं आणि मला हसूच आवरेना. मान खाली, पाय आखूड, खांद्यावर चक्क वशिंडाचा उंचवटा. अहो, तो उठून उभा राहिलेला नंदी होता!

"अप्पा, ह्याला कडबा टाकू का?"

"मातीत झाकतंय की गं."

"सांगाडाच चुकला तर माती काय करनार? डोळे गेलेच हायत तुमचे. उगं हट्ट कामून करायलाव?"

हे मी बोलले. वर पक्कड घेतली आणि त्यांच्यासमोर आधी मान तोडली, मग एकेक पाय. तार तुटली की त्यांचा खांदा हलायचा. मला ते दिसत होतं. खरं सांगते, बरं वाटत होतं.

दोन दिवसांत मी नवा सांगाडा केला, चित्राबरहुकूम. कमिटीची माणसं बघायला आली.

"अबब! माती लावायच्या आधीच पळायलाय की! अप्पा, ह्या वयात बी तुमचा हात..."

"मी केलाय," मी मध्येच म्हणाले. "त्यांचा हात लागलेला न्हाई."

सगळे अप्पांकडं बघायला लागले. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं.

"व्हय," अप्पा म्हणाले. "मला घोडं येत न्हाई." आणि भिंत धरत पाव्हण्यांसाठी चहा टाकायला आत गेले.