बाळंतिणीच्या खोलीतलं मांजर

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे डिचोलीला आली होती, तेव्हाची गोष्ट. मांजरांची मला कधीच आवड नव्हती. मासळी चोरतात. आमच्या लाकडांच्या ढिगात एक मांजरी व्याली आणि चार दिवसांत खनिजाच्या ट्रकाखाली गेली. बाकीची पिल्लं मुंग्यांनी संपवली. एक उरलं. डोळे मिटलेलं, उंदराएवढं. ते ओरडत राहिलं.

मी त्याला उचललं ते दयेनं नव्हे. ते ओरडलं की आत माझ्या मुलीला पान्हा फुटायचा. स्वतःचं मूल झोपलेलं आणि हिची चोळी भिजलेली. "आई, त्याका गप कर गे," म्हणायची. गप करायचं तर ऊब पाहिजे आणि दूध पाहिजे. थंडीचे दिवस होते, चूल दुपारी विझायची. दिवसभर ऊब असायची ती फक्त बाळंतिणीच्या शेगडीजवळ. टोपली तिथं ठेवली.

गाईचं दूध कापसाच्या वातीनं पाजलं, तर त्याला जुलाब लागले. इकडे मुलीला मुलाला पुरून उरेल एवढं दूध. छाती दगडासारखी व्हायची, मग ती वाटीत पिळून काढायची. आमच्याकडे ते दूध माडाच्या मुळाशी ओततात, कुणाचा पाय पडणार नाही तिथं. जनावराच्या तोंडी लागलं तर आईचं दूध आटतं, असं सांगतात. मी वाटी घेऊन निघाले तर मुलगी म्हणाली, "माडाक कित्याक घालतंस? माड काय रडता?" मी वात त्या वाटीत बुडवली. पिल्लाला ते पचलं.

पाजून झालं की ओल्या गरम फडक्यानं त्याचं ढुंगण पुसायचं, नाहीतर त्याला मुतता येत नाही. मांजरी पिल्लाला चाटते ती काही नुसती लाडानं नव्हे. नातवाचं पुसायचं आणि मांजराचं पुसायचं, माझा दिवस त्यातच जायचा.

विहीणबाई हरमलच्या. बारशाला येणार होत्या, पण तेव्हा भाषेवरून आंदोलन पेटलेलं, रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली, बस नाही. बारसं त्यांच्याशिवाय झालं, तो राग होताच. बस सुरू झाल्यावर त्या न कळवता आल्या. मी मागीलदारी कपडे धूत होते. आत आले तर त्या शेगडीजवळ उभ्या. बाळाचे कपडे असतील म्हणून टोपलीत हात घातला होता. पिल्लू गुंडाळलेलं होतं त्यांनीच शिवून पाठवलेल्या दुपट्यात.

"ह्या काय गे विहीणबाय?"

"पिल्लू."

"पिल्लू ता माका दिसता. माझ्या दुपट्यात कित्याक?"

शेजारी वाटी होती. पातळ, निळसर दूध. त्यांनी वाटीकडे बघितलं, मग सुनेकडे. दूध कुणाचं ते विचारावं लागलं नाही.

"माझ्या नातवाचा दूध माजराक! आणि हिचा आटला मगे? पावडरीचो डबो तुमी हाडून देतल्यात?"

 मुलीच्या आईनं विहिणीपुढे आवाज चढवायचा नसतो. विहीणबाई स्वतः हरमलला गोऱ्या पर्यटकांना खोल्या भाड्यानं देऊन त्यांचे चोचले पुरवायच्या, ते जिभेवर आलं होतं. गिळलं.  शेजारीण कुंपणाशी उभी राहून ऐकत होती.

"मीयाच दिलंय," मुलगी अंथरुणातून म्हणाली. "आईक बोलू नकात."

"तुया गप रव. तुका तरी कोण शिकयतलो?"

ते मलाच होतं.

संध्याकाळच्या बसपर्यंत त्या थांबल्या. पिल्लू मी चुलीजवळ हलवलं. जेवायला वाढलं, तर ते ओरडायला लागलं. मी भांडी आपटली.

"आपटा, आपटा," विहीणबाई म्हणाल्या, "तरी आयकाक येता."

जेवणं झाली आणि मुलीनं हाक मारली. सासूच्या देखत तिनं भरलेली वाटी माझ्या हातात दिली.  माड मागीलदारी, चूल वाटेत. दोघी बघत होत्या. माडाकडे गेले तर पिल्लू रात्र काढणार नव्हतं. चुलीशी बसले तर ऐकून घ्यायला त्या घरी मुलगी जाणार होती, मी नव्हे.

मी चुलीशी बसले. मान वर केली नाही. अर्धं दूध पिल्लाच्या कानावर गेलं. त्यानं वात ओढून धरली. मागे बांगड्या वाजल्या. विहीणबाई निघायच्या तयारीला लागल्या होत्या. दुपटं धुऊन पुढे केलं, ते त्यांनी पायानं सारलं. जाताना 'येतंय' म्हटलं नाही.

दूध आटलं नाही. पण मुलगी सासरी जाईपर्यंत मी रोज तिच्या चोळीकडे चोरून बघत होते, ओली आहे का म्हणून. मांजर वाढलं आणि बांगडे चोरायला लागलं. कुणाच्या मांडीवर कधी बसलं नाही.

तिकडे हरमलला पाहुण्यांपुढे विहीणबाई सुनेला 'माजराची आवय', मांजराची आई, म्हणायच्या. मुलगी मला ते हसून सांगायची. मला हसू यायचं नाही. वाटी तिनं दिली, पण चुलीशी बसले मी होते. अजूनही त्या घरी गेले की मी पुढच्या दारच्या बलकांवात, पाहुण्यांच्या बाकावर बसत नाही. बाजूनं मागीलदारी जाते आणि दिसतील ती भांडी घासायला घेते.