मावशीच्या दम्याची वाच्यता

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे ‘कात्री’ म्हणत. हात चालायचा तशीच जीभही चालायची, म्हणून. सोफ्यांचं कापड आणि फोम कापण्याचं काम ती लग्नाआधीपासून करत होती. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, तळहाताने सुरकुती काढायची आणि विजेची कटर एका दमात वळणावरून फिरवायची. मालक गिऱ्हाइकांना मुद्दाम तिच्या टेबलापाशी आणून उभे करायचे. ती वर बघायचीसुद्धा नाही, पण त्या दिवशी घरी आली की स्वारी खुशीत असायची.

त्याच टेबलावर तिला दमा जडला. फोमचा भुसा, कापडाची तुसं, शेजारच्या खोलीतून येणारा गोंदाचा उग्र वास. आधी नुसता खोकला होता. मग जिना चढताना छातीत शिट्टी वाजायला लागली. शेवटी एका दुपारी काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आणि मी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते.

कारखान्याने सगळ्या कामगारांसाठी आरोग्य योजना घेतली होती. मावशी घरी आली आणि त्या योजनेच्या नर्सबाईंचा फोन आला. आवाजावरून तरुण वाटत होत्या. “काकू, तुमचा दमा ताब्यात ठेवायला मी मदत करणार आहे. दर आठवड्याला आपण बोलू.”

“बोल बाई. पण माझ्याशी बोलून दम तुलाच लागेल,” मावशी म्हणाली. पलीकडून खळखळून हसू आलं आणि दोघींचं जमलं.

नर्सबाईंनी तिला पहिल्यापासून शिकवलं. निळा पंप दम लागल्यावर, पण तपकिरी पंप रोज, बरं वाटत असलं तरी. मावशी तो बरं वाटलं की कपाटात टाकायची. “आधी श्वास पूर्ण सोडा, मग हळूहळू आत घ्या, मग थांबा. नंतर चूळ भरा. मला ऐकू द्या बरं,” असं म्हणून त्या फोनवर तिच्याकडून करून घ्यायच्या. डॉक्टरांपुढे मान डोलावून येणारी माझी मावशी फोन कानाला लावून शहाण्या मुलीसारखी श्वास सोडायची. काका आणि मी तोंडावर हात ठेवून हसायचो.

हळूहळू दम्यापलीकडच्या गप्पा सुरू झाल्या. मावशीला मूल नव्हतं. ती फोनची वाट बघायला लागली. एकदा मी भाजी निवडत बसले होते आणि ती खाली आवाजात सांगत होती, “अगं, कापताना दम लागला की मी कापडाच्या थप्पीमागे जाऊन बसते. कुणाला कळू देत नाही. परवा कटर हातातून सुटली. थोडक्यात बोटं वाचली. पण याची कुठे वाच्यता करू नकोस हं.”

“नाही करणार, काकू. आपल्या दोघींतच राहील,” फोनमधून उत्तर आलं. मीही ऐकलं.

महिन्याभरात सुपरवायझरने तिला केबिनमध्ये बोलावलं. अगदी गोड बोलला. उद्यापासून तिने दर्शनी भागात बसून गिऱ्हाइकांना कापडाचे नमुने दाखवायचे. तिथे धूळ नाही, पंखा आहे, पगार तोच. “आणि आता थप्पीमागे लपून बसायची गरज नाही, बाई,” तो म्हणाला.

थप्पीची गोष्ट मावशीने जगात एकाच माणसाला सांगितली होती.

घरी आली ती चपलाही न काढता फोनला लागली. “तू सांगितलंस?”

नर्सबाई म्हणाल्या, “हो काकू. तुमचं काम बदलावं म्हणून मीच कारखान्यात बोलले. कटर सुटली ऐकून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.”

“मग मला सांगायचंस!”

“तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हणालेच असते. माझं काम, माझी छाती. तुझा काय संबंध?”

“काकांना विचारलं होतं मी,” नर्सबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. “ते हो म्हणाले.”

मावशीने फोन ठेवला. काका शर्टाला इस्त्री करत होते. त्यांनी इस्त्री उभी केली आणि मान खाली घातली. “तुझ्या छातीतली शिट्टी मी रोज ऐकतो गं,” एवढंच बोलले.

“मला एका शब्दाने विचारलं नाहीत. परक्या मुलीशी संगनमत केलंत.”

पुढे कितीतरी दिवस ती काकांशी माझ्यामार्फत बोलायची. “त्यांना म्हणावं जेवायला बसा,” आणि काका शेजारीच उभे!

तिच्या टेबलावर सोफ्यांचे लाकडी सांगाडे ठोकणाऱ्या खात्यातला एक जण आला. त्याचं कापड कडेला चुण्या धरतं, हे ती दर्शनी भागात बसून बघते आणि गप्प राहते. गिऱ्हाइकांशी मोजकं बोलते. कात्री म्हणून आता कुणी हाक मारत नाही. बाई म्हणतात.

आणि खरं सांगायचं तर तिची तब्येत सुधारली. जिना न थांबता चढते, तपकिरी पंप चुकवत नाही. काका हे कौतुकाने बोलून दाखवतात तेव्हा ती उठून आत जाते. काकांशी आता बोलते, पण तोडून तोडून.

त्या नर्सबाईंचे फोन तिने घेतले नाहीत, तेव्हा योजनेने दुसरी नर्स दिली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ऋतू बदलल्यामुळे मावशीला सकाळपासून धाप लागत होती, बोलताना शब्द तुटत होते.

“काही त्रास?” नर्सने विचारलं.

मावशीने श्वास कोंडून धरला आणि एका दमात म्हणाली, “काही नाही. सगळं उत्तम.”

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. “तू पण सांगणारेस का त्यांना?” तिने बाहेरच्या खोलीत बसलेल्या काकांकडे बोट दाखवलं.

मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं.