काचघराचा उंबरा

मुळशीच्या रस्त्याला, भातखाचरांना लागून एक काचेचं घर उभं आहे. शहरातलं प्रदर्शन संपल्यावर आमच्या संस्थेने ते सुटं करून इथल्या एका बाईंच्या जागेत पुन्हा जोडून दिलं. अट एकच होती, मूळ रचनेत फरक केला तर घर परत नेणार. तेच तपासायला मी गेलो होतो.

बाई पदर खोचून काचा पुसत होत्या. आधी तोंडाची वाफ, मग कागदाचा बोळा, मग मान तिरपी करून बघणं. जाणारे-येणारे गाडी थांबवून विचारायचे, "आत काय आहे?"

"काय न्हाई. म्हणून तर लई उजेड हाय," त्या ठसक्यात सांगायच्या.

दाराशी मात्र त्यांनी लाकडी उंबरा बसवून घेतला होता, हळदकुंकू लावलेला. आत-बाहेर असा भेदच नको, म्हणून मूळ घराला उंबरा ठेवलेला नव्हता.

"मावशी, हा काढावा लागेल."

"आन् मग माणसानं थबकायचं कुटं? तुमी बी आत्ता हितंच थांबून बूट काढलं न्हवं?"

मी खाली पाहिलं. पायात नुसते मोजे होते.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "काही फरक केलाय का?"

"नाही. आहे तसंच आहे," मी म्हणालो.

बाई माझ्याकडे बघून हसल्या. "कान लाल झालं की तुमचं! खोटं बोलायची सवय न्हाई वाटतं."

सवय होती. दुसऱ्या कुणासाठी बोलायची नव्हती.