निळ्यावर ठेवलेला हात

माझी पत्नी यमुना गेली, त्याला आज पाच आठवडे झाले. तिसऱ्या दिवशी ताप उतरेल असं डॉक्टर म्हणाले होते; उतरला, पण तिला घेऊनच... मला दिसत नाही, त्यामुळे तिचा शेवटचा चेहराही मी बोटांनीच पाहिला. हे मी सांगतो आहे आणि माझी धाकटी बहीण लिहून घेते आहे.

लढाईच्या दिवसांत मी नगरच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. डोळे जात चालले होते. आधी फळ्यावरची अक्षरं पुसट झाली, मग मुलांचे चेहरे. कुणाला कळलं तर नोकरी जाईल, या धास्तीने मी जवळचं दिसत होतं तोवर घरी धडे पाठ करून ठेवले आणि वर्गात पुस्तक धरून म्हणून दाखवायचो. यमुनेलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवाळीआधी तिने आमच्या एका खोलीच्या बिऱ्हाडाला रंग द्यायचं काढलं. ओळखीचे हुसेनभाई रंगारी आले. चुन्यात एकीकडे नीळ आणि दुसरीकडे पिवडी, म्हणजे पिवळी माती, कालवून त्यांनी भिंतीवर दोन पट्टे ओढले, एक निळा, एक पिवळा. ते वाळल्यावर यमुना म्हणाली, "अहो, तुम्ही सांगाल तो देऊ."

माझ्यासमोर नुसतं धुकं होतं. तसाच पुढे झालो, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणालो, "हा पिवळा बरा वाटतो."

तिने हुसेनभाईंना पिवळाच द्यायला सांगितलं. निभावलं, असं मला वाटलं.

पुढे आठ महिने मी तिला फसवत राहिलो. मग एक दिवस शाळेच्या पायऱ्यांवरून कोसळलो, नोकरी गेली, आणि घरी येऊन तिच्यापाशी सगळं कबूल केलं. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. एक शब्दही विचारला नाही. मला वाटलं, काय धीराची बाई आहे.

परवा हुसेनभाई भेटायला आले. बराच वेळ बसल्यावर म्हणाले, "मास्तर, तुमी हात निळ्यावर ठिवला हुता. बाई मागनं जिन्यात बसून लई रडल्या. मला म्हनल्या, त्यांना कळू देऊ नका."

आठ महिने... एका खोलीत दोघं, एकच दुःख, आणि ते एकमेकांपासून लपवत राहिलो. मी तेव्हाच बोललो असतो तर तिला जिन्यात एकटीला रडावं लागलं नसतं. आता हे कुणाला सांगू?

दिवेलागणीला "दिवा लावला हं," असं ती मला न चुकता सांगायची. मला त्या उजेडाचा उपयोग नव्हता, पण संध्याकाळ झाल्याचं कळायचं. आता बहीण न बोलता दिवा लावते. तिने तसं म्हणावं, असंही मला वाटत नाही. मी वाट पाहत बसतो, आणि पुष्कळ वेळाने ध्यानात येतं, संध्याकाळ केव्हाच होऊन गेलेली असते.