गोव्याला गेलेला कॅमशाफ्ट

मला फसवलं गेलं हे मला कळलं तेव्हा मी हात जोडून, खड्या आवाजात होकार देत होतो. असं भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, म्हणून सांगतो.

माझ्याकडे टर्बो पेट्रोल इंजिनाची एक जुनी गाडी आहे. घाटावर एका माळावर दर हिवाळ्यात सरळ रेषेत गाड्या पळवायची शर्यत भरते. पन्नाशीच्या आत तिथे एकदा तरी पळायचं आणि नुसतं पळायचं नाही, तर पुढे राहायचं, एवढीच माझी हौस. बायको तिला खाज म्हणते. या खाजेत माझा भागीदार होता माझा बालमित्र, ज्याचं कट्टा गावात गॅरेज आहे.

वर्षभर आम्ही भांडलो ते कॅमशाफ्टवरून. इंजिनाला दारं असतात, काही हवा आत घेणारी, काही धूर बाहेर सोडणारी. ती कधी उघडायची, किती उघडायची, कधी मिटायची, हे हा उंचवट्यांचा दांडा ठरवतो. पिंगुळीच्या बाहुल्यांमागे बसून दोऱ्या ओढणारा जो असतो, तोच हा. मित्राला हवा होता शर्यतीच्या गाड्यांचा दांडगा शाफ्ट, जो गाडी उभी असतानाही गडगडतो. मी म्हणालो, टर्बो नसलेल्या गाडीला ते शोभतं. तो शाफ्ट दोन्ही दारं बराच वेळ एकदम उघडी ठेवतो. मग टर्बोने मेहनतीने कोंबलेली हवा एका दाराने येते आणि दुसऱ्याने निघून जाते, लग्नात अक्षता टाकून न जेवता सटकणाऱ्यांसारखी. कधी तर धूरच उलटा आत शिरतो. आपल्याला दारं उंच उघडणारा, पण वेळेत मिटणारा शाफ्ट हवा. मित्र आठवडाभर फुगून बसला आणि मग त्याने माझं ऐकलं.

शाफ्ट आला. मग सुरू झालं त्याला जुळवणं. देवगडच्या वाटेवर सड्यावरचा, उघड्या कातळावरचा, एक सरळ, निर्मनुष्य रस्ता आम्ही धरला. हवा घेणारी दारं केसभर आधी उघडली की टर्बो लवकर जागा व्हायचा, पण पुढे त्याचा दम संपायचा. केसभर उशिरा उघडली की नेमकं उलटं. शाफ्टच्या चक्राचे बोल्ट सैल कर, जरासं सरकव, आवळ, पळव, परत ये. अखेर एका सकाळी गाडी अशी सुटली की शेजारच्या सीटवरच्या मित्राने आपल्या कुलदेवतेपासून माझ्या सासूपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. चक्रावर त्या जागी त्याने पांढऱ्या रंगाने खूण केली. उभ्या गाडीचा आवाजही बदलला होता. मूळचा आवाज हेडमास्तरांच्या चालीसारखा सरळ. आमचा मात्र किंचित लंगडत यायचा. मला तो इतका आवडायचा की मी जेवताना तोंडाने काढून दाखवायचो.

शर्यत जवळ आली आणि मित्र म्हणाला, एका उंचवट्यावर ओरखडा आलाय, शाफ्ट घासायला कोल्हापूरला पाठवतो. पाठव म्हटलं. काही दिवसांनी म्हणाला, आला, बसवला, पण गाऱ्हाणं होईपर्यंत चावी फिरवायची नाही. आमच्याकडे विहीर खणायची असो की बोट लोटायची, आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. यात वावगं ते काय?

गाऱ्हाणं घालायला त्याचे म्हातारे काका आले. गाडीच्या बॉनेटवर नारळ ठेवला. काका सांगणार आणि आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणत होकार भरणार, अशी रीत. मी तर नाटकात काम केलेला माणूस, माझा 'व्हय' बाजारापर्यंत जातो.

"बा देवा म्हाराजा, हेंनी दोघांनी मिळान एक शाफ्ट जुळवल्यानी."

"व्हय म्हाराजा."

"तो आता गोयच्या गाडयेत बसलो आसा. तिका पयलो नंबर दी."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो, सगळ्यांत मोठ्याने.

"आणि हयसर, ह्या गाडयेत, जुनोच शाफ्ट आसा. ही गाडी हरली तरी हेच्या मनाक लागाक दिव नको."

हा 'व्हय' मी अर्ध्यावर गिळला. मित्र चपलेकडे बघत होता. मला फसवताना तो डगमगला नव्हता. पण ज्या गाडीसाठी यश मागायचं, ती कुठली आणि तिच्यात काय बसलंय, हे देवापासून लपवायची त्याची छाती झाली नाही. त्याने काकांना सगळं खरं सांगितलं होतं. मला हे ठाऊक नाही, एवढंच तेवढं सांगायचं राहिलं होतं.

मी पुढे झालो, नारळावर हात ठेवला आणि स्वतःच सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या दोस्तान माझो शाफ्ट माका इचारल्याशिवाय दुसऱ्याक दिल्यान."

काकांनी त्याला कोपराने ढोसलं.

"व्हय म्हाराजा," तो पुटपुटला.

नंतर बाहेर येऊन म्हणाला, "गोयवाल्यांनी माका टीमीत घेतल्यानी. मुख्य ट्यूनर म्हणान. तुका सांगणार होतंय रे."

"कधी? निकाल लागल्यार?"

तो हात पुसत आत गेला.

तरीही मी शर्यतीला गेलो, जुन्या शाफ्टवर. योगायोग असा, की माझ्या शेजारच्याच पट्ट्यात ती गोव्याची गाडी उभी राहिली, माझ्याच जातीच्या इंजिनाची. मित्र त्यांचा छापील शर्ट घालून मागे उभा होता. मी काच खाली केली. शेजारून तो आवाज आला, किंचित लंगडणारा.

दिवा हिरवा झाला. तिचा टर्बो कुठे जागा होणार, हे मला पाठ होतं. तिथेच तो जागा झाला आणि ती माझ्यापुढून निघून गेली. आम्ही अगदी बरोबर जुळवला होता तो.