रविवारची शेती

आमच्या घरात शेतीसुद्धा सुट्टीच्या दिवशीच व्हायची. बाबा फॅक्टरीत, आई शाळेत. आजोबा होते तोवर शहराबाहेर पाटण रोडवरचं मटाराचं शेत त्यांनी सांभाळलं. ते गेल्यावर आम्ही दर रविवारी स्कूटरवरून जाऊन शेताची हजेरी घ्यायचो. पिकाला मात्र कॅलेंडर समजत नाही. लागोपाठ हंगाम हातचे गेले, तेव्हा बाबांनी सांगून टाकलं की यंदाही मटार साधला नाही तर शेत प्लॉट पाडणाऱ्या कॉलनीवाल्याला देऊन टाकू. मी तेव्हा दहा वर्षांची होते. शेत जाऊ द्यायचं नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. मला कोणी विचारलं नव्हतं, हा भाग वेगळा.

जानेवारीत एका बुधवारी शेजारच्या शेतवाल्या भैयांचा फोन आला. शेंगा भरल्यात, लगेच तोडा, नाहीतर दाणा निबर होईल. तोडणाऱ्या बाया मोठ्या शेतांत गुंतलेल्या. बाबांना रजा मिळेना.

"रविवारी पाहू ना बेटा," ते म्हणाले. मला रविवार या शब्दाचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलेच नाही. पाटणची बस धरली, दप्तरातली पुस्तकं बांधावर ओतली आणि तोडायला बसले. शेंग ओढली की वेल मुळासकट हातात यायचा. दुपारपर्यंत बोटं हिरवी झाली, पण एक ओळसुद्धा संपली नाही. मान वर करून पाहिलं तर शेत होतं तेवढंच होतं. इतकी हताश मी पुन्हा कधी झाले नाही.

भैयांनी कळवलं असावं. संध्याकाळी बाबा फॅक्टरीच्या कपड्यांतच आले. मला वाटलं, आता मार बसणार.

"एकटी काहून आली?"

"तुम्ही रविवारी येऊन राहिले ना, म्हणून."

ते माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि अंधारात शेंगा दिसेनाशा होईपर्यंत तोडत राहिले. रविवारी सगळे गेलो, तेव्हा उरलेला मटार निबर झाला होता. फेब्रुवारीत शेत गेलं.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी बाबांनी सवयीने स्कूटर बाहेर काढली. मीही तयार होऊन मागे उभी. दोघांनाही एकदमच आठवलं. बाबा बराच वेळ हँडल धरून उभे राहिले.

मग म्हणाले, "चल, घमापूरच्या बाजारातून मटर घेऊन येऊ."

मी पिशवी घेऊन मागे बसले आणि रस्ताभर त्यांच्या पाठीत तोंड खुपसून रडले.