उजव्या तळव्यावरचं कासव

“माझ्या हातात गुंडू कधी डोकं आत ओढत नाही,” असं रघुजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि ते खरं होतं.

गुंडू म्हणजे त्याचं पाळलेलं कासव, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. शेजाऱ्यांनी उचललं की ते दगड व्हायचं. बायकोच्या, ठकुबाईच्या हातात जरा वेळानं नाक बाहेर काढायचं. रघुजीच्या उजव्या तळव्यावर मात्र मान लांब करून काकडी मागायचं. बंगळुरूच्या चिकपेटमधल्या सुटांच्या दुकानात रघुजी कटर होता. रेडीमेडची शोरूम निघाली होती, तरी लग्नाचा सूट लोक त्यानं कापलेलाच मागत. त्या हातावर घर चालत होतं.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी गुंडूनं त्याच तळव्यावर डोकं आत घेतलं. दुसऱ्या दिवशीही.

“म्हातारा झाला,” रघुजी म्हणाला.

“कोण, कासव?” ठकुबाई हसली. “अहो, आपली नातवंडं म्हातारी होतील तेव्हा हा वयात येईल. द्या इकडे.”

तिच्या हातात डोकं बाहेर आलं. रघुजीनं परत घेतलं, आत गेलं. डाव्या हातावर ठेवलं. मान निघाली, काकडीचा तुकडाही संपला. उजव्यावर घेताच पाय, मान, सगळं मिटलं.

ठकुबाईचं हसू थांबलं. तिनं त्या हाताखाली आपला हात धरला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण आत, हाडाजवळ, बारीक थरथर होती. भिंतीपलीकडे शिलाई मशीन चालू असावं तशी.

“दुकानात बोलू नकोस,” रघुजी म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

मग त्यानं मनगट आवळून बांधलं, तेल चोळलं, कॉफी सोडली. रोज सकाळी कासव उजव्या हातावर घेऊन श्वास रोखून बसायचा. “एकदाच काढ रे, गुंडप्पा. एकदाच.” ठकुबाई चुलीकडे तोंड करून उभी राहायची. वळून बघायचा तिला धीर होत नव्हता.

एका दुपारी ती डबा घेऊन दुकानात गेली, तर टेबलावर नवरदेवाच्या सुटाचं राखाडी कापड पसरलेलं. मालकाचा मुलगा नागनाथ सांगत होता, “अण्णा, एवढाच तुकडा आहे. असं कापड परत मिळायचं नाही. स्वल्प जपून.”

रघुजीनं खडूची रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. कात्री उचलली.

ठकुबाईला राहवलं नाही. “नागनाथ, आज यांना कापायला लावू नकोस. रात्रीपासून ताप आहे.”

रघुजीनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

“ताप? सांगायचं नाही का, अण्णा!” म्हणत नागनाथनं पुढे होऊन त्याचं उजवं मनगट धरलं.

अंग गार होतं. तरी नागनाथनं मनगट सोडलं नाही. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. त्यानं कात्रीकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं.

“सरी, ठीक आहे, अण्णा,” तो फार जपून म्हणाला. “हे मी बाहेरून कापून आणतो. तुम्ही बसा.”

“अरे, उतरला असेल ताप,” ठकुबाई घाईघाईनं म्हणाली. “उद्या कापतील ते. उद्या नक्की...”

रघुजीनं हात सोडवून घेतला. गळ्यातला टेप काढून कापडावर ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि दुकानाची पायरी उतरून गेला.